मागाच्या खटखटीतलं वाचन

मी दुर्गाघाटाजवळ मुलींच्या एका शाळेत हिंदी शिकवते. घरही जवळच, गल्लीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. माझं माहेर इंदूरचं. यजमानांची मंडळी मात्र कितीतरी पिढ्यांपासून काशीतच. यजमान होते तोवर घरात मराठी होती. ते गेले, मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, आणि मराठी बोलायला समोर कोणी उरलं नाही. दिवसभर शाळेत हिंदी. संध्याकाळी दार लावलं की कुठलीच भाषा नाही.

महामारीत शाळा बंद पडली तेव्हा मुली फोनवर धडा वाचून मला पाठवायच्या. शाळा पुन्हा सुरू झाल्यावरही मी ती पद्धत ठेवली. वर्ग मोठा, तासात निम्म्या मुलींनाही उभं करून वाचून घेता येत नाही. संध्याकाळी चहा घेऊन बसायचं आणि एकेकीचं वाचन ऐकायचं. उच्चार कसा आहे, कुठे अडखळते, अर्थ कळून वाचते की नुसती अक्षरं ढकलते, ते लक्षात यायचं. त्याबरोबर त्यांची घरंही ऐकू यायची. कोणाच्या मागे कुकरची शिट्टी, कोणाचे आजोबा खोकताहेत, कोणाची आई हळूच चुकलेला शब्द सांगते आहे. मीही बोलून उत्तर पाठवायची, "शाबाश, पर यहाँ ज़रा रुकना था." माझ्या घरात तेवढा वेळ माणसं असल्यासारखं वाटे.

सहावीतल्या एका मुलीच्या वाचनामागे मागाची खटखट असायची. वडील घरीच साड्या विणत. वर्गात ही मुलगी तोंड उघडत नसे. उभं केलं की ओठ हलत, आवाज फुटत नसे. फोनवर मात्र ती मोकळी वाचायची. माग थांबला की तीही थांबे, सुरू झाला की पुढचं वाक्य घेई. तिचं वाचन मी शेवटी ऐकायला ठेवत असे.

मग शाळेने वाचन तपासणारं ॲप घेतलं. मुलीने फोनवर वाचायचं, वेग किती, शब्द स्पष्ट आहेत का, मध्ये किती थांबली, हे सगळं ॲपच बघणार आणि नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका देणार. कॉम्प्युटरच्या सरांनी आम्हाला शिकवलं. स्टाफरूममध्ये सगळ्या खूश होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही होते. ॲपने चांगलं कामही केलं. दोन मुली धडा पाठ करून म्हणत होत्या, वाचत नव्हत्या. त्या माझ्या कानातून सुटल्या होत्या, ॲपने पकडल्या.

पण आता मला ऐकायचं असं काही उरलं नाही. संध्याकाळी फोन उघडला की ठिपके दिसायचे. ते बघायला वेळ लागत नसे. चहा संपायच्या आतच काम संपे.

मागवाल्या मुलीपुढे लाल ठिपका आला. पुढच्या आठवड्यातही लाल. लाल मुलींना दुपारी वेगळं बसवून बाराखडीपासून शिकवायचं ठरलं होतं. तीही जाऊन बसायला लागली. मी कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं, मुलीचा आवाज अजून ऐकता येतो का. त्यांनी कुठे दाबायचं ते दाखवलं. पहिल्या वाचनावर ॲपचा शेरा होता : आवाज अस्पष्ट, शांत जागी वाचा. पुढची वाचनं शांत जागी केलेली होती. त्यांत वारा होता, तिचा श्वास होता, दोन-तीन शब्द होते, आणि मग काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला व्हरांड्यात थांबवलं.

"आजकल कहाँ बैठकर पढ़ती हो?"

"छत पर, मैडम. वहाँ शांति है."

"तो फिर पढ़ती क्यों नहीं?"

ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. "वहाँ आवाज़ ही नहीं निकलती. नीचे अब्बू का करघा चलता है तो कोई सुनता नहीं न. तब पढ़ लेती हूँ."

"पर मैं तो सुन रही थी."

"आप तो फ़ोन में थीं," ती म्हणाली.

कोणी ऐकत नाही या भरवशावर ती वाचत होती, आणि कोणीतरी वाचतंय म्हणून मी बसत होते.

मी प्राचार्याबाईंकडे गेले. म्हटलं, या मुलीला वाचता येतं, तिला बाराखडीला बसवू नका. त्या वाईट नाहीत, पण पालकांना उत्तरं त्यांनाच द्यावी लागतात.

"तुम्ही म्हणता येतं, ॲप म्हणतं नाही," त्या हिंदीत म्हणाल्या. "तुम्ही दमलेल्या असता, एखादी मुलगी तुमची लाडकी असते. ॲपला लाडकं कोणी नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "तर मग तुम्हीच समोर बसून ऐका. जागा मात्र मी ठरवीन."

मी त्यांना शिवणाच्या वर्गात नेलं. मोठ्या मुली मशिनं चालवत होत्या. "यहाँ? इतने शोर में?" शिवणाच्या बाई म्हणाल्या. मुलीला मी खिडकीशी उभं केलं आणि तिने न पाहिलेला धडा उघडून दिला. पहिली ओळ कोणालाच ऐकू आली नाही. नंतर आवाज चढला. नदीवरच्या पुलाचं वर्णन होतं, ती ते न अडखळता वाचत गेली. ऐकता ऐकता एका मुलीने मशीन थांबवलं, मग दुसरीने. खोली शांत होत गेली तसा हिचा आवाज खाली आला आणि मधल्याच शब्दावर अडकला. शिवणाच्या बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी जवळच्या मुलीला डोळ्याने खूण केली. त्या मुलीने सुईखाली कापड नसतानाच पायडल मारायला सुरुवात केली. रिकामं मशीन चालू राहिलं आणि हिने धडा संपवला.

प्राचार्याबाई बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "ठिपका मला बदलता येत नाही. शेरा तुम्ही लिहा, मी सही करते." त्या आठवड्यापासून तिची दुपारची बाराखडी सुटली. वर्षाच्या शेवटी वर्गात पंखा घरघरत असताना ती जागेवर बसून चार ओळी वाचू लागली होती. उभी राहून नाही.

आता ती सातवीत आहे, दुसऱ्या बाईंकडे. ॲपही सुधारलं, मागचे आवाज ते आपणच गाळून टाकतं. त्यात सगळ्या वर्गांचे ठिपके दिसतात, तिच्यापुढे हिरवा येतो. एका संध्याकाळी मी तिचं वाचन उघडून ऐकलं. खाली, मागाजवळ बसूनच वाचलं असणार, कारण आवाज खुला होता. पण माग नव्हता, घर नव्हतं, नुसते स्वच्छ शब्द होते. तिच्यासाठी हे चांगलंच झालं. मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

परवा मधल्या सुट्टीत ती जिन्यात भेटली. मैत्रिणी बरोबर होत्या.

"मैडम, मेरा हरा आया."

"हाँ, सुना मैंने. पुल वाले पाठ से भी अच्छा पढ़ा."

"आप अब भी सुनती हैं?" तिने नवलाने विचारलं. तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली आणि ती पळाली. मागून सगळा वर्ग उतरत होता. मी कठड्याला लागून उभी राहिले आणि मुलींना वाट दिली.