फ्रिजची वाटणी

दुसऱ्या बाईच्या फ्रिजची मी एकदा वाटणी करून टाकली, तीही मालकीण गावी गेलेली असताना. कबूल. नातवंडं हसतात, हसू देत. त्या वेळच्या मला मी स्वतःच जास्त हसते.

आम्ही आखातात होतो तेव्हा इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये तीन बिऱ्हाडं होती. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एक. आम्ही पुण्याचे शाकाहारी, दुसरी रत्नागिरीची भाभी, आणि तिसरी काँगोची एकटी बाई, जबल अली बंदरात नोकरीला. फ्लॅटमध्ये सगळ्यांत आधी तीच आलेली. फ्रिजही तिचाच.

आणि मी पडले इतिहासाची एमए! जेवताना त्या बाईला तिच्याच खंडाचा इतिहास शिकवायचे. "गोरे चोर टेबलाभोवती बसले, नकाशावर पट्टी ठेवली नि आख्खी आफ्रिका वाटून घेतली. तिथलं एक माणूस बोलावलं नाही! वर म्हणे, तुम्हाला सुधारायला आलोय. रबरासाठी हात तोडणारे सुधारक!" ती भात चिवडत मान डोलवायची. तिच्या पणजोबांनाही त्या रबरासाठी राबवलं होतं, हे मला फार नंतर कळलं. विचारायला मी गप्प कुठे बसत होते?

ती रजेवर गेली आणि आम्ही दोघी चहा घेऊन टेबलाशी बसलो.

"ताई, माझे बोंबील तुमच्या दह्याशेजारी नकोत ना? मग एकदाच काय ते ठरवून टाका," भाभी म्हणाली.

मी चिकटपट्टी आणली. वरचे दोन कप्पे शाकाहारी, म्हणजे माझे. खालचे भाभीचे.

"आणि तिचं?"

"एकट्या जिवाला लागतं किती? दारातला अंड्यांचा कप्पा पुरे. खलास!"

मग हात धुऊन सुधारणेच्या मागे लागले. फ्रीझरमध्ये पानांत गुंडाळलेलं काहीतरी आंबूस होतं. तिच्या आईनं पाठवलेलं, कंद आंबवून केलेलं, असं तिनं सांगितलंही होतं. पण इडलीचं पीठ रात्रभर आंबवणाऱ्या मला ते नासलेलं वाटलं. नाक धरून कचऱ्यात टाकलं. सोड्यानं फ्रिज पुसला आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

ती परतली ती आईनं दिलेले डबे घेऊन थेट फ्रिजशीच.

"माझी जागा कुठाय?"

मी अंड्यांचा कप्पा दाखवला.

"आणि ते पानातलं?"

"नासलं होतं गं. फेकलं."

भाभीला अचानक मुलांची आठवण झाली. "यल्ला, यल्ला, चला चला" करत ती खोलीत पसार. मी स्वच्छतेवर भाषण सुरू केलं. बाईनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, डबे ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "दीदी, आमच्याकडे आलेल्या गोऱ्यांनी आधी हातात बायबल तरी दिलं होतं. तू नुसती चिकटपट्टी घेऊन आलीस. ऊठ, दही बाहेर काढ. फ्रिज माझ्या खोलीत जातोय."