आठ कोण आहेत?

मी विज्ञानकथा लिहितो असं कळलं की सोसायटीतले लोक मुलांच्या दहावीच्या शंका घेऊन येतात. वाचनालयात माझं एक पुस्तक भौतिकशास्त्राच्या गाईडांशेजारी उभं आहे, आणि ज्यात राक्षस आहेत ते बालविभागात. सुरुवातीला चिडायचो, आता मुकाट्याने शंका सोडवतो. नोकरी सातपूरच्या कारखान्यात झाली आणि लेखन रविवारी, दिवाळी अंकांपुरतं. पहिली कादंबरी आली तेव्हा केस पिकले होते.

ती कादंबरी भाषेपाशी अडली होती. परग्रहावरची माणसं बोलणार काय? मी उलटसुलट अक्षरं जुळवून एक भाषा रचली. मोठ्याने वाचली की माणूस शिंकतोय असं वाटायचं. त्याच सुमारास मावशी गेली. आई सटाण्याकडची, मावशीशी फोनवर अहिराणीत बोलायची, खिदळायची, आणि फोन ठेवला की आमच्याशी पुस्तकी मराठी. लहानपणी शाळेत पोरं माझ्या बोलण्याला हसली, तेव्हा तिने आमच्याशी ती बोली बंद केली ती कायमची. मावशीनंतर तिला अहिराणीत बोलायला कुणी उरलं नाही. मला फार वाईट वाटायचं, पण तिला ते सांगायचं कसं, सुचत नव्हतं. म्हणून मी तिची बोली त्या ग्रहावरच्या लोकांना दिली. हे ऐकून तरी ती माझ्याशी तसं बोलेल, एवढीच आशा होती.

पहिल्याच प्रकरणात यान उतरतं आणि अंधारातून एक म्हातारी विचारते, ‘आठे कोन शे?’ म्हणजे, इथे कोण आहे? मुद्रितं तपासणारे गृहस्थ पुण्याचे आणि फार कर्तव्यदक्ष. पुस्तक हातात आलं तेव्हा म्हातारी विचारत होती, ‘आठ कोण आहेत?’ पुढची वाक्यं त्यांना सुधारता आली नसावीत, ती बचावली. एका परीक्षणात तर म्हटलं होतं की ते आठ जण शेवटपर्यंत समोर येत नाहीत, हा लेखकाचा संयम आहे. मी परीक्षण लिहिणाऱ्यांना आभाराचा फोन केला. दुसरं काय करणार?

आईचे डोळे अधू झाले होते, म्हणून मीच वाचून दाखवायला बसलो. ती मटार सोलत होती. छापलेलं सोडून मी म्हातारीचं मूळ वाक्य वाचलं. तिचा हात थांबला. हे लोक कुठले, तिने विचारलं. दुसऱ्या ग्रहावरचे, मी म्हणालो. मग आमच्यासारखे कसे बोलतात, म्हणाली. तेव्हा मी तिला आठ जणांची भानगड सांगितली. ती इतकी हसली की मटार खाली सांडले. हसताहसता मावशीची आठवण काढून रडली. मीही रडलो. मग पदराने डोळे पुसत तिने विचारलं,

‘तू जेवना का?’

शाळेच्या त्या दिवसांनंतर पहिल्यांदाच ती माझ्याशी असं बोलत होती. मला समजलंही. अख्ख्या ग्रहाला मी ही बोली बोलायला लावली होती, पण कागदावर, खोडून खोडून, एकेक वाक्य मनात घोळवत. इथे ती माझ्याकडे बघत होती आणि माझी जीभ वळेना.

‘हो, जेवलो,’ मी म्हणालो.

आई खाली सांडलेले मटार वेचू लागली.

‘बरं,’ ती शुद्ध मराठीत म्हणाली, ‘मग उरलेली भाजी झाकून ठेवते.’