रानीसायेबांचा चष्मा

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी तीन दिवस माझ्या नवऱ्याच्या रेनकोटाशी बोलत होती. दाराजवळच्या खुंटीला तो टांगलेला असे. टोपली उतरवताना ती विचारायची, "काय सायेब, बरं हाय ना?" चौथ्या दिवशी मला हळूच म्हणाली, "बाय, तुजा मालक रागावलाय का माज्यावर? बोलत नाय." नवरा तेव्हा आठवडाभर पुण्याला गेला होता.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. बेलापूरला नवी घरं मिळालेली आम्ही कारकून मंडळी चिखल तुडवत ऑफिसला जायचो. मावशी खाडीकाठच्या दिवाळे गावातून यायची आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायची. मासा नाकाला टेकेल इतका जवळ धरून न्याहाळायची. शेजारणींना वाटे, वास घेतेय. साफ करून दिलेल्या मांदेलीवर मात्र खवला म्हणून सापडायचा नाही.

माणसं ती चालीवरून आणि चपलांच्या आवाजावरून ओळखायची. रस्त्यात समोरून कोणी हसलं तर ही सरळ पुढे. त्यामुळे गावानं तिचं नाव ठेवलं होतं 'रानीसायेब'. ते ती स्वतःच सांगायची. "गर्वाची म्हनतात मना. म्हनू दे. मी कोनाचं काय खाल्लंय?" एवढी बेफिकीर बाई, पण जावेचा विषय निघाला की गप्प व्हायची. जाऊ, हिरा, शेजारच्याच घरात राहायची आणि सात वर्षं हिच्याशी बोलत नव्हती. का, ते मावशीला ठाऊक नव्हतं.

मला चौथीपासून चष्मा. लांबचं बघताना मावशी डोळे बारीक करायची, ते मी ओळखलं. एका रविवारी माझा चष्मा काढून तिच्या नाकावर चढवला आणि तिला गॅलरीत नेलं. तिनं कठडा घट्ट धरला.

"त्या होड्या हायत?"

"हो."

"बावटं पन दिसतात." बराच वेळ ती खाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाय, तुमाला समद्यांना हे रोजच दिसतं?"

लांबचं सगळ्यांनाच धुक्यासारखं दिसतं, अशी तिची चाळिशीपर्यंत समजूत होती.

मी तिला पनवेलच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी नीट समजावलं, "मावशी, तुमचा डोळा थोडा लांबट आहे. लांबच्या वस्तूचं चित्र आतल्या पडद्यावर पडायला हवं, ते पडद्याच्या अलीकडेच पडतं. म्हणून जवळचं स्पष्ट आणि लांबचं पुसट. भिंगानं ते चित्र पडद्यापर्यंत नेता येतं."

"म्हंजे होडी बंदराच्या आदीच रुतते," मावशी म्हणाली. डॉक्टर हसले आणि उणे पाचचा नंबर लिहून दिला.

पहिला आठवडा तिनं तक्रारींत घालवला. आढ्याची जळमटं दिसायला लागली, काम वाढलं. नवऱ्यानं बिडी सोडल्याची शपथ घेतली होती, तो लांबच्या होडीत बसून बिडी ओढताना धक्क्यावरून दिसला. "तुज्या चष्म्यानं घरात भांडान लावलं," ती खुशीत सांगायची.

मग एक दिवस ती टोपलीशिवाय आली. जमिनीवर बसली आणि सांगू लागली.

बोंबील वाळत घालताना तिला पलीकडे हिरा दिसली. "ती माज्याकडंच बघत व्हती, बाय. रागानं नाय. रडल्यावानी." मावशी गेली आणि तिला सरळ विचारलं. तेव्हा हिरानं सांगितलं. सात वर्षांपूर्वी तिची लहान मुलगी तापानं गेली. दवाखान्यातून ती रिकाम्या हातांनी परतली, तेव्हा धक्क्यावर मावशी समोरून येत होती. हिराला हाक मारवेना, म्हणून तिनं हात वर केला. मावशी तिच्याकडे बघत बघत निघून गेली. बातमी कळल्यावर संध्याकाळी मावशी तिच्या दारात गेली होती, पण हिरानं दार उघडलं नाही.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"चष्मा काडला. तीस पावलं मागं सरकले. बोल्ले, आता हात कर. कोनता केलास ते मी सांगते." मावशीनं नाकावरचा चष्मा उतरवला. "मना काय दिसलंच नाय. मी उगा उभी. मग तीच चालत आली जवळ."

पदरानं ती काचा पुसत होती, पण पाणी डोळ्यांत होतं.

काही वर्षांनी माझ्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली. निरोप घ्यायला मी दिवाळे गावात गेले. दोघी जावा एका उंबऱ्यावर बसून कोळंबी सोलत होत्या. हिरानं चहा केला. निघाले तेव्हा मावशी रस्त्यापर्यंत आली.

"चष्म्याआदी मानसं निघाली की लगेच पुसून जायची," ती म्हणाली. "आता तू वळनापतुर दिसशील. सावकाश जा."

बस सुटायला फार वेळ नव्हता. तरी वळणापर्यंत मी सावकाश गेले.