गेरूने गाजलेला संशोधक

डॉ. पुंडलिक मोकल यांचा जन्म १९४६ सालचा, पेणचा. वडील नाथा हे गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात साचेकाम करीत. मी रोह्याच्या शिक्षकाचा मुलगा. अभियांत्रिकी महाविद्यालयात आम्ही एका बाकावर बसलो आणि पुढे मुंबईच्या एकाच संस्थेत कृत्रिम अवयवांवर संशोधन करू लागलो. परीक्षांत मी नेहमी त्याच्या वर असे. हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

१९७८ साली धाटावच्या कंपनीतला सखा नावाचा कामगार आमच्याकडे आला. गडब गावाजवळ मोटारसायकलच्या अपघातात त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. उरलेल्या भागावर बसणारी कृत्रिम पायाची खोळ मी दाबाचे गणित मांडून तयार केली. अकरा कोष्टके होती. त्यांत एकही चूक नव्हती.

सखा चार पावले चालला आणि मटकन बसला. "सायेब, ह्यो पाय हाय का पोलिसांचा मार?"

पुंडलिक हसला. त्याने खोळीच्या आत गेरू फासला आणि पांढरा मोजा घालून सख्याला पुन्हा चालवले. मोज्यावर जिथे गडद डाग उमटला, तिथे खोळ आतून घासली. साच्याचे दोन भाग कुठे अडतात, हे त्याचे वडील असेच शोधीत. तिसऱ्या खेपेस सखा जिना उतरून चहा पिऊन आला.

"गोपाळ, दाब कुठे ते गेरू सांगतो, किती ते तुझी कोष्टकं. निबंधावर दोघांची नावं घालू."

"माझे नाव गेरूखाली नको. लोक हसतील."

"हसू देत रे! सखा चालतोय ना?"

मी ऐकले नाही. निबंध त्याच्या एकट्याच्या नावे छापला गेला. नऊशेहून अधिक संशोधकांनी त्याचा आधार घेतला. माझ्या प्रबंधाचा चौघांनी घेतला; त्यांतला एक मीच. दरवर्षी ग्रंथालयात जाऊन मी त्याचा आकडा पाहत असे आणि त्या दिवशी मला जेवण जात नसे.

निवृत्तीनंतर तो निबंध ग्रंथरूपाने निघायचा होता. पुंडलिक रोह्याला आला. "आता तरी घालू नाव?"

मी तत्काळ होकार दिला. आमच्या सौ. विमल आतून म्हणाल्या, "इतकी वर्षं हेच तर हवं होतं!"

ग्रंथ परवा आला. कोष्टके शुद्ध छापली आहेत, श्रेयही पूर्ण दिले आहे. माझे नाव त्याच्या नावाखाली आहे. त्याला पत्र लिहिण्यास बसलो. तीन मसुदे झाले. तिन्हींत अभिनंदन आहे. आभार मात्र अद्याप लिहवत नाहीत.