पोपड्यांचं झाड

“हात मागं बांध आधी. मग ये झाडाजवळ.”

“आक्के, नुसतं बघतोय.”

“तू डोळ्यांनी बघतच नाहीस, नखांनी बघतोस. हो मागं.”

रंगारी मागं झाला. पन्नाशीला टेकला, मिशीत पांढरं आलं, तरी थोरल्या बहिणीपुढं त्या मिशीचा रुबाब शेळीच्या शेपटाएवढाच.

तशी चूक त्याची एकट्याची नव्हती. दिवसभर लोकांच्या भिंतींचे पोपडे खरवडणारा माणूस, त्याला नाद लागावा तर पेपरबार्कच्या बोन्सायचा. मूळ ऑस्ट्रेलियाच्या दलदलीतलं झाड. साल अशी, की जुन्या पोथीची पानं पदरापदरानं सुटून लोंबावीत. सगळं देखणेपण त्या लोंबण्यात. म्हणजे बोक्याला दुधाच्या राखणीला बसवलं.

रोपवाटिकेत मात्र त्यानं डोकं शाबूत ठेवलं होतं. रुंद पानाचं पेपरबार्क दिमाखाचं खरं, पण वीतभर कुंडीत ते पान म्हणजे तान्ह्याच्या पायात बापाचे जोडे. त्यानं बारीक पानाची जात घेतली. त्यातलंही सगळ्यांनी नाकारलेलं, बुडाशी घागरीगत फुगलेलं रोप. घरी आणून मानेपासून छाटलं. “गेलं,” आक्का म्हणाली. पण ही जात निर्लज्ज, कापाल तिथून फुटते. बाकी बोन्साय जादा पाण्यानं कुजतात, हे पठ्ठं कुंडीसकट कपड्यांच्या टबात म्हशीगत बसून राहिलं. तेव्हापासून आक्का कपडे बादलीत भिजवायची आणि टबाकडं बघून रंगाऱ्याला बोलणी खायला घालायची.

रविवारी बोन्साय मंडळाचं प्रदर्शन होतं. रंगाऱ्याचं एकही झाड तिथं कधी मांडलं गेलं नव्हतं. यंदा मंडळाच्या बाई घरी येऊन बघून गेल्या. “आणा,” म्हणाल्या, “पण सालीला हात लावू नका.” तेव्हापासून रंगारी शिडीवर नसतानाही हवेतच होता.

आदल्या सकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला. भिंतीला काय पोपडे धरलेत, टोक धरून ओढलं की हातभर निघतो, असं ते रंगात येऊन सांगत होतं. रंगारी टबापाशी उभा. “घाई नाही करायची,” म्हणाला, “अलगद. खालून वर. हां, येतोय बघा अख्खा.” फोन ठेवला तेव्हा पायाशी सालीचा ढीग होता आणि झाडाची एक बाजू न्हाव्यापुढून उठल्यागत गुळगुळीत.

आक्का आली. बघितलं. साली सुपात गोळा केल्या आणि डिंकाची बाटली घेऊन आली.

“चिकटवतेस?”

“मग काय, वाळवण घालू?”

रंगारी उकिडवा बसला. रडू फुटेल असं वाटलं, फुटलं हसू. त्याचं बघून आक्काला, आणि मग दोघांना आवरेना. तोंड लपवायला म्हणून त्यानं कुंडी फिरवली आणि हसू जागीच राहिलं. पलीकडची साल शाबूत. बुंधा बघणाऱ्याकडं झुकलेला, जसा काही कानात सांगायला आलाय. इतकी वर्षं झाड त्यानं पाठमोरं बसवलं होतं. एक जाड फांदी तेवढी डोळ्यात बोट घातल्यागत समोर यायची. त्यानं करवत काढली.

“उद्या मांडायचं, आणि आज कापतोस?”

“फुटेल परत. लाज कुठं आहे त्याला.”

प्रदर्शनाच्या दालनात बाई झाडाभोवती फिरायला लागल्या. बाई आणि झाड यांच्या मधून रंगारीही फिरायला लागला. तिसऱ्या फेरीला बाई थांबल्या.

“मागं काय आहे?”

“मागं काहीच नाही.”

“खरंय त्याचं,” आक्का म्हणाली. “होतं ते सोललं त्यानं काल.”

बाईंनी वाकून गुळगुळीत पाठ बघितली, मग त्याची नखं बघितली. ओठ गच्च मिटले, पण खांदे हलत होते. परत पुढं येऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

“ही बाजू समोर घ्यायचं कुणी ठरवलं?”

“आम्हीच. म्हणजे, तसं झालं.”

“बरं झालं. मांडा. पाठ भिंतीकडं करा, आणि पुन्हा हात लावलात तर तुम्हालाच कुंडीत लावीन.”

झाड मांडलं. रंगारी दारापर्यंत जाऊन लांबून बघून आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. तेवढ्यात वरून पांढरा कपटा गिरक्या घेत कुंडीत पडला. त्यानं मान वर केली. अख्ख्या भिंतीला ताटाएवढे पोपडे.

“लोक यायला अवकाश आहे ना?” त्यानं बाईंना विचारलं आणि बाह्या सारल्या.

आक्कानं झाड उचलून कडेवर घेतलं. “भिंत तुझी. हे माझ्याकडं.”

रंगारी शिडी शोधायला निघाला होता.