जयराम परबाने मारलेली बदकं

जयराम परबाचा नेम कसा होता, हे मसुऱ्याकडच्या कोणाही म्हाताऱ्याला विचारा. तो आधी तुम्हाला बसायला सांगेल, कारण ती गोष्ट उभ्याउभ्या सांगून होत नाही. बंदूक ठासणीची. नळीत दारू ठासा, वर शिसं घाला, मग बार काढा. एक बार चुकला की पुन्हा सगळी मांडामांड, आणि तोवर रानडुक्कर काय तुमची वाट बघत उभं राहणार आहे? तेव्हा काम पहिल्याच बारात व्हायला हवं, आणि जयरामाचं ते व्हायचं. शेतराखणीचा परवाना होता, पण खरं सांगायचं तर शेत हे निमित्त, माणसाला नादच तो. थंडीत गड नदीच्या खाडीत बदकं उतरत, ती उठली की हा नळी पाखराच्या पुढे धरी. पाखरू आहे तिथे मारायचं नाही, जाणार तिथे मारायचं, असं तो शिकवायचा. शिकणाऱ्यांपैकी कोणाला ते जमलं नाही, ही गोष्ट वेगळी.

अशा माणसाने बंदूक सोडली ती लेकीपायी. आनंदी पाच वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. मालवणच्या डॉक्टरांनी ‘बघू’ म्हटलं, आणि डॉक्टर ‘बघू’ म्हणाला की काय समजायचं ते घरच्यांना समजतं. जयराम तडक सातेरीच्या देवळात गेला आणि देवीपुढे बोलला की पोरीला उठव, या हाताने पुन्हा जीव मारणार नाही. नवस बोलून देवळाच्या पायऱ्या उतरला आणि मध्येच थबकला. परत वर गेला, हात जोडले आणि सांगितलं, माशे तेवढे सोडून. आता यात हसण्यासारखं काही नाही. देवीशी बोलणं चोख असावं लागतं, आणि मासे सोडायचे म्हणजे मालवणी माणसाने जेवायचं काय?

आनंदी उठली. जयरामाने बंदूक आणि परवाना पोलीस ठाण्यात जमा केला आणि नवस असा पाळला की लोकांना कंटाळा यावा. वाडवळीचा, म्हणजे राखणदाराला द्यायचा, कोंबडा कापायला शेजाऱ्याला बोलवायचा. (खायला मात्र बोलवावं लागत नसे.) घरात साप निघाला तर दार उघडून त्याच्याशी गोडीगुलाबीने बोलत बसायचा. डुकरं भुईमूग उकरून गेली तरी हा आपला बांधावर पत्र्याचा डबा बडवतो आहे. बायको जानकी चिडायची, पण मनातून तिलाही धाक होता. नवसाची पोर ती. नवस तुटला तर देवी दिलेलं परत मागेल, असं त्या घरात सगळे धरून चालत, फक्त कोणी तोंडाने म्हणत नसे.

पुढे आनंदी मोठी झाली, लग्न झालं आणि अठ्ठ्याऐंशी साली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई शंकर बोटीवर होता. तो नेमका त्याच वेळी सुट्टीवर आला आणि येताना सिंगापूरहून एक यंत्र घेऊन आला. बायकोला करमावं म्हणून आणलं, असं म्हणाला. आता गरोदर बायकोला कोणी बंदूक आणतो का? पण बोटीवरच्या माणसांचं डोकं निराळं चालतं. यंत्र टीव्हीला जोडायचं, पडद्यावर गवतातून बदकं उडायची, आणि हातातल्या प्लास्टिकच्या बंदुकीने ती टिपायची. नेम लागला की बदक फडफडत खाली पडे.

पहिले दोन दिवस जयराम त्या खोलीत फिरकलाच नाही. पण पडवीत बसलं तरी आवाज येतोच. डोकावून बघितलं तर शंकर चार बार काढून एक पाखरू पाडतोय, आणि आनंदी तर मुद्दाम आभाळात बार काढते आहे. तिला त्या बदकांची दया येत होती. पडताना ती डोळे फिरवतात, म्हणाली. शंकर हसून हसून बेजार झाला. बोटीवर सगळे खलाशी हे खेळतात, कोणाला काही वाटत नाही, चित्रंच ती, त्याने सांगितलं. जयराम दारात उभा होता तो आत आला, आला तो बसला, आणि शंकरचा नेम आणखी एकदा चुकल्यावर त्याने हात पुढे केला.

बंदुकीला वजन म्हणून नाही. दारूचा वास नाही. त्याने सवयीने नळी पाखराच्या पुढे धरली आणि चाप ओढला. चुकला. पुन्हा धरली, पुन्हा चुकला. एवढं नाव कमावलेला माणूस आणि जावयासमोर सगळी बदकं मजेत उडून गेली. कान लाल झाले त्याचे. शंकरने हळूच सांगितलं की मामा, इथे पुढे धरायचं नसतं, बदक दिसतं तिथेच मारायचं. जयरामाला हे काही पटेना. असल्या पाखरांना शिकार म्हणायचं कसं? पण मारून बघितलं, आणि बदक पडलं.

मग काय विचारता. एक पडलं, दुसरं पडलं, जोडीने उडाली ती जोडीने पडली. जयराम पाटावरून उठून गुडघ्यावर बसला, गाल खांद्याला टेकला, डोळा बारीक झाला. वीस वर्षांपूर्वीचा माणूस जणू घरात परत आला. प्रत्येक बदकागणिक तो मोठ्याने हसत होता. आनंदी पोटाला हात लावून त्याच्याबरोबर हसत होती. जानकी हाताला लागलेलं खोबऱ्याचं वाटप धुता धुता मागच्या दारातून आली ती चौकटीत तशीच उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “तुमी ह्या काय करतास?”

आणि तेवढ्यात आनंदीने कंबर धरली. कळ आली होती.

पुढचा तासभर घराने कसा काढला ते घरालाच ठाऊक. नर्सबाई आल्या, तपासून म्हणाल्या की या खोट्या कळा आहेत, अजून अवकाश आहे, घाबरू नका. आनंदी चहा पिऊन झोपलीसुद्धा. पण जयराम काही जेवेना. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं आणि ते त्याने ताटात तसंच ठेवलं. या माणसाने बांगडा टाकला म्हणजे प्रकरण गंभीर, हे जानकीला कळलं.

शंकर बिचारा समजावून थकला. रक्त नाही, मांस नाही, यंत्र बंद केलं की बदकं नाहीत, सुरू केलं की तीच बदकं पुन्हा जिवंत. मग मेलं कोण? जयराम सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “शंकरराव, बदाक मेला नाय ता माका कळता. पण मारताना माका बरा वाटला. जीव घेवक मिळालो म्हणान बरा वाटला. नवस मी हाताचो केल्लंय, आणि हात तर माझोच होतो.”

  शंकरने यंत्र खोक्यात भरलं. जयरामाला मात्र एकच दिसत होतं. पोर अवघडलेली, आणि तिच्या जिवाचा जो करार देवीशी केला होता तो आपण हसतखेळत मोडला. चार दिवसांवर बाळंतपण. देवीने आत्ताच हिशेब मागितला तर?

सकाळ होताच आंघोळ करून तो कौल घ्यायला देवळात गेला. आमच्याकडे अडलं की वकिलाकडे नंतर जातात, देवीकडे आधी. गुरव देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी गळली तर होय, डावी गळली तर नाही. अट एकच, प्रश्न स्वच्छ हवा. आडपडदा ठेवून विचारलं तर देवी बोलत नाही.

आणि जयरामाने नेमका आडपडदा ठेवला. टीव्हीचं बोलायची त्याला लाज वाटली. गुरव महादूला त्याने एवढंच सांगितलं की माझ्या हातून पाखरं मेली, नवस शाबूत आहे का ते विचार. महादूने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि सगळे बघत बसले. पाकळी हलेना. पुन्हा गाऱ्हाणं घातलं. दोन्ही पाकळ्या आपल्या चिकटून बसलेल्या. देवळात आलेली चार माणसं एव्हाना जवळ सरकली होती, आणि जयरामाच्या कपाळावर घाम आला. देवी तोंड फिरवून बसली, असंच त्याला वाटलं.

खांबापाशी राधाबाई वाती वळत बसलेली. देवळातल्या सगळ्या कौलांना ती हजर असे. तिने वात वळता वळता विचारलं की पाखरं मेली तर कोणाची मेली? जयराम म्हणाला, कोणाची नाही. पिसं कोणी काढली? कोणी नाही. मग खाल्ली कोणी?

“खाल्ली नाय,” जयराम म्हणाला. “खातलंय कशी? ती टीव्हीतली.”

 देवळात एकजण खोकला, दुसऱ्याने टॉवेल तोंडावर घेतला. हसला नाही तो महादू. त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता. हे आधी सांगायला काय झालं होतं, म्हणून त्याने जयरामाला देवीसमोरच झाडला. मी देवीला खोटा प्रश्न घातला की नाही? ती तरी काय सांगेल? जयराम मान खाली घालून ऐकत होता, आणि खरं सांगायचं तर त्या शिव्या खाताना त्याला पहिल्यांदा थोडं हलकं वाटलं. निदान देवी रुसली नव्हती. तिला विचारलंच नव्हतं कोणी नीट.

आता पंचाईत महादूची. बापजाद्यांपासून चालत आलेल्या गाऱ्हाण्यात टीव्ही बसवायचा कुठे? त्याने पाकळ्या नव्याने लावल्या, जरा वेळ डोळे मिटले, आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

“बा देवी, म्हाराजा, तुझो लेकरू जयराम आज तुझ्या पायाकडे इलो आसा. जावयान परमुलखातसून आणलेल्या पेटयेत, ज्येंका रगत नाय, मांस नाय, पिसां नाय, अशी पाखरां तेना मारली. मारताना तेका बरा वाटला, ता पण तो लपवणा नाय. तर म्हाराजा, तेचो नवस शाबूत आसात तर उजवो दी, मोडलो आसात तर डावो दी, आणि लेकीक सुखरूप सोडव.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

शब्द संपतात न संपतात तोच उजवी पाकळी गळली. घरंगळत खाली आली आणि महादूच्या ओंजळीत पडली. जयरामाने देवीपुढे लोटांगण घातलं.  उठला तो तोंडभर हसतच. राधाबाईने त्याच्या हातावर तीर्थ घातलं आणि ती बदकं एकदा मला बघायला ने, असं सांगितलं. मग सगळ्यांनाच बघायची होती. महादूलासुद्धा. कौल कशाबद्दल दिला ते गुरवाला ठाऊक असायला नको का, असं त्याचं म्हणणं.

घरी येऊन जयरामाने उरलेलं तिखलं भाताबरोबर खाल्लं, तेही दोनदा वाढून घेऊन. जानकीने देवीला ओटी भरायचं कबूल केलं आणि डोळे पुसले. शंकरने खोकं पुन्हा उघडलं.

आठवडा जायच्या आत आनंदी मालवणच्या इस्पितळात सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली, आणि रडणं असं की शेजारच्या वॉर्डातली माणसं चौकशीला आली. दुपारी जानकी पेज आणायला गेली होती आणि शंकर पेढ्यांच्या मागे. खाटेजवळ जयराम एकटाच बसलेला. आनंदी छपराकडे बघत म्हणाली की बाबा, तुम्हाला एक सांगायचं आहे.

लहानपणापासून तिला गावभर एकच ऐकू यायचं. तुझ्यापायी बापाने बंदूक सोडली. लोक कौतुकाने म्हणत, पण पोराला कौतुक कुठे कळतं? डुकरं शेत उकरून जात आणि बाप डबा बडवत बांधावर उभा राही, तेव्हा तिला वाटे, हे माझ्यामुळे. आपण वाचलो आणि याचा जीव की प्राण घेऊन बसलो. हे तिने आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

“त्या दिवशी तुमी पेटयेतली बदकां मारून हसलात,” आनंदी म्हणाली. “तुमका तसा हसताना मी जल्मात बघूक नाय होतंय. कळ इली तरी माका बरा वाटत होता.”

 जयराम सवयीने म्हणायला गेला की मला कधी वाईट वाटलं नाही, पण आडपडदा ठेवला तर काय होतं ते याच आठवड्यात देवीने शिकवलं होतं.

“वायट वाटला गो,” तो म्हणाला. “दर थंडयेत वाटला. खाडयेत बदकां उतारली की हात शिवशिवत. पण बंदूक मी तुझ्यासाठी सोडूक नाय. माझ्यासाठी सोडलंय. तू नसतीस तर मी जगतलंय कसो?”

आनंदीने तोंड पलीकडे फिरवलं आणि मनसोक्त रडली. जयराम तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला. जानकी पेजेचा डबा घेऊन आली तेव्हा बापलेक दोघेही रडत होते, आणि देवीने दिलेलं परत मागितलं की काय, म्हणून तिने आधी पाळण्यात वाकून पाहिलं. नात गाढ झोपली होती.