हरभऱ्यावर धरलेली छत्री

रहीमचाचा गेले आणि मला सकाळपासून हसू येतंय.

रडून झालं. आता त्यांची छत्री आठवतेय.

भूकंपानंतर औशाकडच्या आमच्या गावात आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मी दहावीत. लातूरला क्लासचं वारं नुकतं सुटलेलं, आणि मला अकरावी सायन्स तिकडेच करायचं होतं.
अप्पा, म्हणजे माझे वडील, ऐकायला तयार नव्हते.

चाचांचं बाजारात बी-बियाण्याचं दुकान. जिवाणू खताच्या पुड्या ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचे. गिऱ्हाइकं हसायची.

मी विचारलं तर म्हणाले, "बेटा, जमिनीत स्फुरद, म्हंजे पिकाचं खाणं, लई हाय, पण कुलपात. हे जिवाणू ते मोकळं करतेत. मग पिकाला मिळतंय."

झालं. मी अप्पांशी पैज लावली. अर्ध्या रानात पुडीचा हरभरा, अर्ध्यात साधा. माझा सरस आला तर लातूर.

पेरणीच्या सकाळी गुळाच्या पाण्यात ती काळी भुकटी कालवून मी बियाण्याला चोळली. सावलीत वाळव, असं चाचांनी दोनदा बजावलं होतं. पण जवळ झाड नाही, शेडमध्ये नुसती भट्टी, आणि मला घाई.
दिलं पसरून पत्र्यावर. आमच्या कुरडया तिथंच वाळायच्या.

चाचा मुद्दाम सायकल मारत बघायला आले. वर बघितलं आणि सायकल तिथंच टाकली.

"बाई, कुरडया हायत का त्या? जीव होता त्यात. मेले की समदे."

अप्पा पेरायला पाभर जुंपून उभे. माझं लातूर पत्र्यावर भाजून निघालेलं. मी हुंदके द्यायला लागले.

चाचा अप्पांना म्हणाले, "पोरीची चूक न्हाई. सावलीचं मीच सांगायला विसरलो."

धडधडीत खोटं.

मग स्वतःच्या रानासाठी ठेवलेली पुडी त्यांनी पिशवीतून काढली. नवं बियाणं चोळलं, गोणपाटावर पसरलं, आणि त्यावर आपली काळी छत्री धरून उभे राहिले. स्वतः उन्हात, टोपी घामानं भिजलेली. बी वाळेपर्यंत हलले नाहीत.

अप्पा बघत राहिले. आणि भूकंपानंतर पहिल्यांदा खो खो हसले. मला हरभऱ्यापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला होता.

हरभरा फुलावर आला तेव्हा अप्पांनी दोन्हीकडचं एकेक झाड उपटलं आणि चाचांच्या दुकानात नेऊन शेजारी शेजारी ठेवलं. माझ्या झाडाच्या मुळ्या भरघोस होत्या.

अप्पांनी एवढंच विचारलं, "रहीमभाई, लातूरला पोरींचं चांगलं होस्टेल कुठंय?"

आज मी लातूरलाच बायोलॉजी शिकवते. जिवाणूंचा धडा आला की दरवर्षी आधी छत्रीची गोष्ट होते, मग सिलॅबस.

चाचा, परवाच गावी जाऊन हरभऱ्याचं बियाणं चोळून आले. सावलीत वाळवलंय.
तुम्ही निवांत जा.